धारेच्या वेळेची सभा

सगळे तिला वहिनी म्हणायचे. नवऱ्यापेक्षा दुप्पट वयाची माणसंही वहिनी म्हणायची, आणि ज्यांना अजून स्वतःचं नाक पुसता येत नाही ती पोरंही वहिनीच म्हणायची. दूध संघाची गाडी ती चालवायची. आधी नवरा चालवायचा, पण एकदा भरलेला कॅन उचलताना त्याची कंबर अशी धरली की डॉक्टरांनी दमच भरला, पुन्हा वजन उचललंस तर माझ्याकडे येऊ नकोस. आता कंबर धरली म्हणून दूध काही थांबत नाही. दुसऱ्या दिवशी वहिनी स्टिअरिंगवर बसली. पहिला आठवडाभर रस्त्याकडेच्या बायकांनी पोरं आणि कोंबड्या आत घेतल्या. पुढे मात्र वळणावर समोरून बस आली की बसचा ड्रायव्हरच म्हणायचा, "आधी वहिनींना जाऊ द्या रे. त्या काही मागे घ्यायच्या नाहीत."

खोऱ्याच्या वरच्या अंगाला संघाची तीन केंद्रं होती. केंद्र म्हणजे काय हो, पत्र्याची एक खोली, एक काटा, दुधाची फॅट तपासायचं एक यंत्र आणि टेकून गप्पा मारायला एक बाकडं. सकाळ-संध्याकाळ लोक धारा काढून किटल्या घेऊन यायचे, दूध मोजून कॅनमध्ये ओतायचे, आणि वहिनी ते कॅन शहरातल्या डेअरीत पोचवायची. वरच्या गावांत मोठे गोठे नव्हतेच. कुणाच्या दोन गाई, कुणाच्या तीन. वहिनीच्या घरी दोन होत्या, सासूबाई बघायच्या. तेवढ्यावरच बहुतेक घरांची चूल पेटायची.

आणि नेमकी हीच तीन केंद्रं बंद करायचं संघाच्या अध्यक्षांनी मनावर घेतलं होतं. वरचं दूध थोडं, रस्ता खराब, डिझेल परवडत नाही, असं त्यांचं म्हणणं. ज्याला दूध घालायचंय त्यानं खाली शहरात आणून घालावं. दोन गाईंचं दूध घेऊन रोज दोनदा कोण शहरात जाईल? म्हणजे गाई विकायच्या. गाई विकल्या की वर राहायचं तरी कशाला? हे सांगायला ज्योतिषी लागत नव्हता. केंद्रं गेली की वहिनीची गाडी जाणार, आणि गाडीमागोमाग सबंध वरचं खोरं जाणार.

आजवर हे अडलं होतं ते एका माणसामुळे. त्या भागाचा आमदार संघाच्या संचालक मंडळावर आपोआप बसतो, असा जुना नियम होता. मंडळ बरोबर अर्धं-अर्धं फुटलेलं, आणि म्हातारे आमदार वरच्या गावांच्या बाजूनं हात वर करायचे. ते वारले. पोटनिवडणूक लागली, आणि मोठ्या पक्षाचं तिकीट घेऊन कोण उभं राहिलं असेल? खुद्द अध्यक्ष! निवडून आले की आमदारकीही त्यांची आणि मंडळावरचं ते जास्तीचं मतही त्यांचं. एका दगडात दोन पक्षी. दुसऱ्या मोठ्या पक्षानं शहरातला एक वकील उभा केला, तो बिचारा वरच्या गावांत एकदा आला आणि शेणात पाय पडल्यावर परत फिरकला नाही.

उरला लहान पक्ष. लहान म्हणजे किती लहान, तर त्याची त्या भागातली अख्खी शाखा वहिनीच्या गाडीच्या केबिनमध्ये मावायची. "तुमचा पक्ष फुटला तर तुकडे कशाचे पाडणार?" असं लोक शिंपीकाकांना विचारायचे. शिंपीकाका म्हणजे शाखेचे प्रमुख, खजिनदार, वक्ते आणि दर वेळचे उमेदवार. बाजारपेठेत त्यांचं शिलाईचं दुकान. दर निवडणुकीला उभे राहायचे, दर निवडणुकीला पडायचे, आणि दुसऱ्या दिवशी मशीनवर बसून शर्टाला काजं करायचे. कुणी हसलं की म्हणायचे, "हस बाबा, हसायला काही लागत नाही. बाही मात्र उद्या घेऊन जा."

या वेळी ते वहिनीकडे आले आणि ओट्यावर बसून म्हणाले, "मी आता पडून पडून गुळगुळीत झालोय. या वेळी तू उभी राहा."

सासूबाई आतून अशा आल्या की हातातला विळा तसाच हातात. "काही नको! पाण्यात राहून माशाशी वैर? गाडी कुणाची? संघाची. संघ कुणाचा? अध्यक्षांचा. उद्या चावी काढून घेतील, मग खाणार काय, भाषणं?"

"ते निवडून आले की चावी जाणारच आहे, आई," वहिनी म्हणाली. "मग भांडून तरी जाऊ दे."

नवरा भिंतीला कंबर टेकून बसला होता. तो तसा मितभाषी, दिवसाला पाच-सहा वाक्यं बोलायचा, त्यातली निम्मी गाईशी. तो म्हणाला, "मी गाडीवर येतो सोबत. कॅन उचलायला शेजारचा येईल." झालं, उमेदवारी ठरली.

अध्यक्षांच्या कानावर गेलं तेव्हा ते पोट धरधरून हसले म्हणे. कुणीतरी सुचवलं, गाडी काढून घ्या तिच्याकडून. "छे छे," अध्यक्ष म्हणाले, "चालवू दे. आत्ता काढली तर लोक म्हणतील घाबरला. निकाल लागू दे, मग बघू." माणसाला ताठा आला की त्याला आपल्या पायाखालचं दिसत नाही, ते असं.

वहिनीची पहिली सभा वरच्या गावाच्या चौकात ठेवली होती. शिंपीकाकांनी स्वतः शिवलेला कापडी फलक बांधला. दिवस कलायला लागला, आणि सभेला हजर कोण, तर शिंपीकाका, वहिनीचा नवरा आणि एक कुत्रं. कुत्रंही सभा सुरू झाल्यावर उठून गेलं. शिंपीकाकांना याची सवय होती, ते म्हणाले, "होतं असं." वहिनीला मात्र अशी चीड आली! लोकांची नाही, स्वतःचीच. "अहो काका, ही धारेची वेळ. या वेळेला मी तरी घर सोडून कुणाचं भाषण ऐकायला जाते का? गाईच्या आचळांना काय सांगायचं, थांबा, सभा आहे?" आणि ती तडक उठून जवळच्या गोठ्यात शिरली.

गोठा होता तोफखाना मावशीचा. मावशीला हे नाव तिच्या तोंडामुळे पडलेलं, आणि तिला ते आवडायचं. ती बादली गुडघ्यांत धरून गाईच्या पोटाला डोकं टेकून बसली होती. मान न वळवता म्हणाली, "बोल काय बोलायचं ते. पण हळू. आवाज चढवलास तर गाय पान्हा चोरेल, आणि मग तुला आधी ती लाथ मारेल, नंतर मी."

वहिनीनं वासरू धरलं आणि हळू आवाजात बोलायला लागली. अशी सभा कुणी पाहिली नसेल. भाषण करणारी कुजबुजतेय, ऐकणारी तिच्याकडे बघत नाहीय, आणि मधे चुर्र चुर्र दुधाच्या धारांचा आवाज. पण ऐकणारीचे हात गुंतलेले, म्हणजे ती उठून जाऊ शकत नाही. तोंड मोकळं, म्हणजे विचारायचं ते विचारते. मावशीनं इतके प्रश्न विचारले की वहिनीला घाम फुटला. केंद्र कसं वाचवणार? एका मतानं. कुणाच्या? माझ्या, तुम्ही दिलंत तर. आणि नाही वाचलं तर? तर मी पहिली तुझ्या दारात येईन, मावशी, हव्या तेवढ्या शिव्या घाल. "त्या मी आत्ताही घालीन," मावशी म्हणाली, पण शेजारच्या गोठ्यात तीच घेऊन गेली.

मग रोजचं ठरूनच गेलं. धार सुरू झाली की वहिनी गोठ्यात, धार संपली की गाडीवर. कुठे वासरू धर, कुठे लाथाळ गाईचे पाय बांध, कुठे चारा टाक. शिंपीकाकाही यायचे. आयुष्यभर घसा फोडून भाषणं केलेला माणूस, त्याला कुजबुजायचं म्हणजे शिक्षाच. एकदा विसरून "बंधू आणि भगिनींनो!" असं गरजले, आणि भगिनी राहिल्या बाजूला, गाईनं बादली उडवली. त्या दिवसापासून काका गोठ्याबाहेर उभे राहून फक्त नमस्कार करायचे.

तिकडे अध्यक्षांच्या सभा म्हणजे काय विचारता! मंडप, दिवे, ट्रक भरभरून आणलेली माणसं. सभा संध्याकाळी, म्हणजे बरोबर धारेच्या वेळेला. दूध संघाचा अध्यक्ष हा! एकेकाळी स्वतः धारा काढून मोठा झालेला माणूस! पण खुर्चीत बसून बसून त्याला गाय कधी पिळतात हेच आठवेना. समोर भरलेला मंडप दिसायचा, आणि त्यांना वाटायचं खोरं आपल्या मुठीत आहे. मंडपात ज्यांच्या घरी शेपूट हलवणारं एक जनावर नाही तीच माणसं होती, हे त्यांना कोण सांगणार? भोवतीचे लोक "वा वा साहेब" म्हणायलाच ठेवलेले.

आणि मग त्यांच्या माणसांनी हातानं धोंडा पायावर पाडून घेतला. प्रचाराच्या शेवटच्या दिवसांत दोन जीपगाड्या भोंगे लावून वर पाठवल्या. गाणी, घोषणा, हॉर्न, सगळं एकदम. एका संध्याकाळी त्या जीपगाड्या गल्लीगल्लीतून फिरल्या, गोठ्यांच्या दारांत थांबून भोंगे फिरवले. गाई बिथरल्या. कुणी दावं तोडलं, कुणी बादलीत पाय घातला, आणि साऱ्याच्या साऱ्या गाईंनी पान्हा चोरला. बायका आचळं ओढून थकल्या, थेंब येईना. वहिनी गाडी घेऊन केंद्रावर गेली तर अर्धे कॅन रिकामे. किटल्या घेऊन आलेली माणसं एकमेकांकडे बघत उभी, आणि तोफखाना मावशी पहिल्यांदाच गप्प. ती गप्प बसली म्हणजे प्रकरण गंभीर.

तरीही हे निभावलं असतं. लोक दोन शिव्या देऊन विसरलेही असते. पण दुसऱ्या दिवशी अध्यक्षांनी शहरातल्या सभेत काय सांगावं? म्हणाले, "वरच्या केंद्रांचं दूध बघा, कालच निम्म्यावर आलं! आता तुम्हीच सांगा, अशी केंद्रं कशी चालवायची?"

हे वाक्य संध्याकाळच्या आत वर पोचलं. वहिनी गोठ्यात गेली तर तिला बोलायची गरजच पडली नाही. मावशी धार काढता काढता दातओठ खात, पण गाईला कळू नये म्हणून अगदी गोड आवाजात म्हणत होती, "स्वतः माझ्या गाईला घाबरवलंस, आणि वर म्हणतोस दूध कमी झालं? थांब हो बाळा, थांब. घोडामैदान जवळच आहे." गोठ्यागोठ्यांतून असा गोड आवाजातला राग पसरला. ज्यांची पिढ्यान्पिढ्या मतं मोठ्या पक्षाला जायची, ती माणसंही वहिनीची गाडी दिसली की नुसती मान हलवायला लागली.

मतदानाच्या दिवशी वेगळाच पेच पडला. वरच्या गावांचं मतदान केंद्र लांब, खालच्या शाळेत. बायका सकाळची धार, शेण, चारा आवरून जायच्या म्हटल्या तर तोवर संध्याकाळची धार आलीच. दर निवडणुकीला म्हणूनच निम्म्या बायका मत द्यायच्या नाहीत. वहिनीच्या सासूबाईंनी यातून वाट काढली. निवडणुकीला सगळ्यांत जास्त नको म्हणणारी बाई ती! म्हणाल्या, "दोघीदोघींनी जोडी करा. सकाळी एकीनं मत टाकून यायचं, दुसरीनं दोन्ही घरच्या धारा काढायच्या, आणि संध्याकाळी उलट."

"परक्या हाताला गाय दूध देईल का?" कुणी तरी विचारलं.

"मालकिणीचा स्वेटर घाला. रोजचा, न धुतलेला. गाय तोंड बघत नाही, वास बघते."

त्या दिवशी वरच्या खोऱ्यात कोण कुणाच्या स्वेटरात आहे काही कळत नव्हतं. बारीक बायका ढगळ स्वेटरांत हरवलेल्या, तोफखाना मावशी शेजारणीच्या स्वेटरात अशी अडकलेली की काढताना दोघींना ओढावं लागलं. पण गाईंनी काही कुरकुर केली नाही, आणि खालच्या शाळेत वरच्या गावच्या बायकांची रांग दारातून पार रस्त्यावर आली. जीपवाले कार्यकर्ते झाडाखाली उभे राहून ती रांग बघत होते. त्यांतला एक दुसऱ्याला म्हणाला, "या सगळ्या आल्यात कुठून?" अरे बाबा, त्या होत्याच. तू कधी गेला नव्हतास.

मतमोजणीच्या दिवशी अध्यक्ष नवेकोरे कपडे घालून आले. बाहेर फुलांनी सजवलेला ट्रक, बँड, पेढ्यांचे खोके, सगळं तयार. शहराच्या पेट्या आधी फुटल्या आणि अध्यक्ष पुढे गेले. बँडवाल्यानं एक गाणं वाजवूनही घेतलं. शिंपीकाका कोपऱ्यात बसून म्हणाले, "वहिनी, मनाला लावून घेऊ नकोस. पहिल्यांदा जरा लागतं, मग सवय होते." वहिनीला डोळ्यांपुढे दिसत होती ती पत्र्याची खोली, आणि तिला लागलेलं कुलूप.

मग वरच्या गावांच्या पेट्या निघाल्या. पहिली फुटली आणि मोजणारा माणूस थबकला, त्यानं गठ्ठा पुन्हा मोजला. दुसरी फुटली, तिसरी फुटली. अध्यक्षांची आघाडी उन्हातल्या लोण्यासारखी वितळायला लागली. "अहो नीट बघा, नीट बघा," असं त्यांचा माणूस ओरडत होता. नीटच बघत होते सगळे! शेवटची पेटी मोजून झाली, आणि अधिकाऱ्यानं माइक हातात घेऊन वहिनीचं नाव वाचलं. नुसतं वाचलं नाही, भरपूर मतांनी विजयी म्हणून वाचलं.

शिंपीकाका उठले, बसले, परत उठले. "म्हणजे आपण निवडून आलो?" त्यांनी विचारलं. "म्हणजे पडलो नाही?" आयुष्यात या प्रसंगाची तयारीच केली नव्हती हो त्यांनी. मग ते जे हसायला लागले ते थांबेचनात, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी.

बाहेर अध्यक्ष मागच्या दारानं निघून गेले होते. ट्रकभोवती शुकशुकाट, आणि बँडवाला बाजा बगलेत धरून उभा. वहिनीला बघून तो पुढे आला. "बाई, आम्हाला विजयी मिरवणुकीसाठी बोलावलंय. विजय कुणाचा ते काही ठरलं नव्हतं."

"मग वाजवा की!" तोफखाना मावशी म्हणाली.

वहिनी मात्र घड्याळाकडे बघत होती. संध्याकाळची धार झाली असेल, केंद्रांवर दूध येऊन पडलं असेल. "मिरवणूक घेऊन या मागून," ती म्हणाली, "मला गाडी काढायला हवी." आणि निघाली. पुढे दुधाची गाडी, मागे सजवलेला ट्रक, त्यावर शिंपीकाका, मावशी आणि अध्यक्षांचे पेढे. प्रत्येक केंद्रावर मिरवणूक थांबायची, कॅन चढायचे, लोक वहिनीच्या गळ्यात पडायचे, पेढे वाटले जायचे, आणि मिरवणूक पुढे. आमदार स्वतः कॅन ढकलतेय अशी मिरवणूक त्या रस्त्यानं कधी पाहिली नव्हती. त्या दिवशीचं दूध अगदी वेळेवर डेअरीत पोचलं.

पण खरी लढाई व्हायची होती ती संघाच्या बैठकीत. लांब टेबल, गुबगुबीत खुर्च्या, पंखा. आमदाराची खुर्ची अध्यक्षांच्या अगदी समोर. वहिनी तिथे जाऊन बसली. बाहेर आवारात वरच्या गावांची माणसं येऊन उभी होती. कुणी बोलावलं नव्हतं, आली होती. सासूबाई गाई शेजारणीच्या हवाली करून आल्या होत्या.

अध्यक्ष म्हणाले, "केंद्रांचा विषय पुढच्या बैठकीत घेऊ."

"मागच्या बैठकीतही पुढच्या बैठकीत म्हणाला होतात म्हणे," वहिनी म्हणाली. "आजच घ्या. काय व्हायचं ते होऊन जाऊ दे."

दोन-तीन संचालकांनी माना डोलावल्या, तेव्हा अध्यक्षांचा नाइलाज झाला. बंद करण्याच्या बाजूनं कोण? हात वर झाले, पण नेहमीपेक्षा एक कमी. आजवर अध्यक्षांनी हात वर केला की वर करणारा एक गृहस्थ या वेळी पंख्याकडे टक लावून बसला होता. चालू ठेवण्याच्या बाजूनं कोण? वहिनीनं हात वर केला. स्टिअरिंग धरून घट्टे पडलेला हात. त्या हाताला काय ताकद आली होती, ते तिचं तिलाच पहिल्यांदा कळत होतं. तिच्या बाजूनं आणखी हात वर गेले, आणि पंख्याकडे बघणाऱ्या गृहस्थानंही हळूच वर केला.

अध्यक्ष टेबलाकडे बघत पुटपुटले, "वरची तिन्ही केंद्रं चालू राहतील."

"जरा मोठ्यानं सांगा, साहेब," वहिनी म्हणाली. "बाहेर माणसं उभी आहेत."

त्यांनी मोठ्यानं सांगितलं. खिडकीखाली असा काही आवाज उठला की चहावाल्याच्या हातातला ट्रे हिंदकळला.

वहिनी बाहेर आली तेव्हा लोकांनी तिला खांद्यावरच घेतलं असतं, पण सासूबाई गर्दीतून वाट काढत आधी पोचल्या. त्यांनी वहिनीचा दंड घट्ट धरला आणि समोर येईल त्याला सांगायला लागल्या, "ही माझी सून. माझी सून आहे ही." शिंपीकाकांना सांगितलं. तोफखाना मावशीला सांगितलं, जी लग्नापासून सगळं जाणून होती. संघाच्या पहारेकऱ्याला सांगितलं, बँडवाल्यालाही सांगितलं. शेवटी कंबर सांभाळत पुढे आलेल्या आपल्या लेकालाच म्हणाल्या, "अरे, ही माझी सून!"

"हो गं आई," तो म्हणाला, "मला माहीत आहे." आणि एवढं बोलून तो चारचौघांत ढसाढसा रडला.